थंड टाकी आणि गरम उकंडा : ज्वलनोष्णतेच्या एका वजाबाकीचा इतिहास

आष्टीचे नाव काढले की जाणत्या माणसाला १९४२ आठवते. १६ ऑगस्टची ती नागपंचमी, पोलीस ठाण्याकडे निघालेले लोक, गोळीबार आणि त्यात पडलेली माणसे. त्या दिवसाने गावाच्या नावाला ‘शहीद’ हा शब्द कायमचा जोडला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच गावातल्या एका गोबरगॅसच्या टाकीविषयी. तिची नोंद कुठल्या गॅझेटियरात सापडणार नाही. ती आमच्या वाड्यात होती, दोन हिवाळ्यांत दोनदा बंद पडली आणि मग कायमची बुजली.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प १९८१-८२ मध्ये सुरू झाला आणि अनुदानाची टाकी गावोगाव दिसू लागली. आमच्याकडे ती १९८४च्या उन्हाळ्यात आली. विहिरीसारखा विटांचा खोल हौद आणि त्यावर तरंगणारा लोखंडी ड्रम. गॅस साठला की ड्रम वर चढायचा, जळला की खाली बसायचा. घरी बैल होते, म्हशी होत्या, त्यामुळे शेणाची वाण नव्हती. दिवाळीचा फराळ त्या वर्षी निळ्या ज्योतीवर झाला आणि मायने कितीतरी वर्षांत पहिल्यांदा डोळे न पुसता चकल्या तळल्या. पौष लागला आणि ड्रम खाली बसला तो उठेच ना. जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या आमच्या या संत्र्याच्या पट्ट्यात पौषात रात्रीचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो. टाकी बसवून देणारे आले. पहिल्या खेपेला म्हणाले, शेण पातळ झाले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, घट्ट झाले. तिसऱ्या खेपेला बाबांच्या तोंडावर म्हणाले की तुम्हा लोकांना टाकी सांभाळता येत नाही. उन्हाळ्यात गॅस पुन्हा आला, पुढच्या पौषात पुन्हा गेला. १९८६च्या होळीआधी बाबांनी टाकीत शेण टाकणे बंद केले. गोवऱ्या परत थापायला लागल्या.

माय तेव्हा एकच वाक्य बोलली होती. “टाकीले काई तापच नाई. थ्या उकंड्यात हात घालून पाय, भाजते.” उकंडा म्हणजे उकिरडा. टाकीपासून तो दहा पावलांवर होता. दोन्हीकडे त्याच गोठ्यातले शेण पडत होते. पहाटे उकंड्यातून वाफ निघायची, आणि टाकीचा ड्रम हाताला विहिरीतल्या कळशीसारखा गार लागायचा.

या वाक्याचे उत्तर माझ्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात होते. ‘ज्वलनोष्णतेवरून अभिक्रियेची एन्थाल्पी काढणे’ असे त्या उदाहरणांचे नाव. परीक्षेत मी त्यात चिन्ह चुकवले आणि गुण घालवले. पुढे शिकणे झाले नाही. कापसाच्या अडत दुकानात हिशेब लिहिण्यात उमेद गेली. रसायनशास्त्राकडे परत आलो तो चाळिशी उलटल्यावर, तेही जुन्या पुस्तकांच्या ढिगात तेच पुस्तक हाती लागले म्हणून. तेव्हा कळले की मी दुकानात रोज जे करत होतो तेच हे गणित आहे.

भरलेली बैलगाडी धर्मकाट्यावर चढते, वजन लिहून घेतात. कापूस उतरवून रिकामी गाडी पुन्हा चढते, पुन्हा वजन घेतात. कापूस काट्यावर एकटा कधीच ठेवला जात नाही, तरी त्याचे वजन नेमके कळते. रसायनशास्त्रातही पुष्कळ अभिक्रिया अशा आहेत की त्यांची उष्णता एकटी मोजताच येत नाही. कुठे अभिक्रिया फार संथ असते, कुठे ती अर्ध्यावर थांबत नाही, कुठे तिच्याबरोबर दुसऱ्या चार घडतात. मग काय करायचे? मूळ पदार्थ ऑक्सिजनमध्ये पुरता जाळायचा आणि किती उष्णता निघाली ते लिहायचे. तयार झालेला पदार्थही तसाच पुरता जाळायचा आणि लिहायचे. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचाच बनलेला पदार्थ पुरता जळला की शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढेच उरते. सगळ्या वाटा त्या एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, म्हणून दोन जळण्यांतला फरक हीच मधल्या अभिक्रियेची उष्णता. मूळ पदार्थांच्या ज्वलनोष्णतांच्या बेरजेतून तयार पदार्थांच्या ज्वलनोष्णतांची बेरीज वजा करायची. उत्तर शिल्लक आले तर तेवढी उष्णता बाहेर पडली; तूट आली तर तेवढी बाहेरून घ्यावी लागली. पाठ्यपुस्तके बाहेर पडणाऱ्या उष्णतेपुढे ऋण चिन्ह लावतात, आणि माझ्यासारख्या पोराचा पाय तिथेच घसरतो. या लेखात मी दुकानातली रीत ठेवतो : शिल्लक आणि तूट.

जुन्या माणसांना आठवेल असे एक उदाहरण घेतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवीत. भट्टीत कोळसा अर्धवट जळायचा आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूवर इंजिन चालायचे. कार्बनपासून निव्वळ कार्बन मोनॉक्साइड होताना किती उष्णता पडते हे सरळ मोजणे जवळपास अशक्य, कारण थोडा कार्बन डायऑक्साइड सोबत होतोच. पण एक मोल, म्हणजे १२ ग्रॅम, कार्बन पुरता जाळला तर ३९३.५ किलोज्यूल मिळतात आणि त्यापासून होणारा एक मोल कार्बन मोनॉक्साइड जाळला तर २८३. फरक ११०.५. म्हणजे कोळशातल्या शंभरातली २८ उष्णता भट्टीतच जाते आणि ७२ इंजिनापर्यंत पोहोचते. ती भट्टी लाल का व्हायची हे या वजाबाकीत दिसते. हे २८ आणि ७२ वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे टाकीपाशी लागतील.

हे गणित ज्याच्या नियमावर उभे आहे तो जर्मेन हेस १८०२ मध्ये जिनिव्हात जन्मला आणि रशियात वाढला. शिक्षणाने डॉक्टर. काही काळ त्याने सैबेरियातल्या इर्कुत्स्कला रोगी तपासले, मग सेंट पीटर्सबर्गला रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचा प्रयोग अगदी साधा होता. गंधकाम्लात त्याने वेगवेगळ्या प्रमाणात पाणी मिसळले आणि मग ते अमोनियाने उदासीन केले. पाणी मिसळताना कधी जास्त उष्णता पडे, कधी कमी. पण मग अमोनिया घालताना त्याच्या उलट होई. दोन्हींची बेरीज दर वेळी सारखीच. १८४० मध्ये त्याने हा नियम मांडला : वाट कोणतीही असो, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच. गंमत म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तोवर कोणी मांडलेला नव्हता. मायरचा निबंध १८४२चा आणि जूलचे मोजमाप त्याही नंतरचे. हेसच्या हाती हिशेब आधी आला, हिशेबामागचे कारण नंतर. दुकानात असे पुष्कळदा होते, म्हणून मला हा माणूस आवडतो.

‘एन्थाल्पी’ हा शब्द फार नंतरचा. तो रूढ करण्याचे श्रेय डच शास्त्रज्ञ कॅमरलिंग ओनेसला देतात आणि त्याचे मूळ ग्रीक क्रियापद ‘आत ऊब देणे’ अशा अर्थाचे आहे. मराठी पुस्तकांनी शब्द जसाच्या तसा घेतला. मला त्यात गैर वाटत नाही. मात्र आमच्या सरांनी तेवढा अर्थ सांगितला असता तर शब्दाची भीती कमी वाटली असती.

नियम सापडला तरी काटा हवा होता. १७८३ मध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाच्या भांड्यात गिनिपिग ठेवून, किती बर्फ वितळला त्यावरून प्राण्याच्या अंगातली उष्णता मोजली होती. अभ्यासकांना बर्फाचे ते भांडे आजही आठवते, पण बारीक कामाला ते पुरे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फाव्र आणि झिल्बरमान या फ्रेंच जोडीने अनेक पदार्थ जाळून आकड्यांचे मोठे कोष्टक केले. मिथेनसाठी त्यांनी दिलेला आकडा एका ग्रॅमला १३,०६३ कॅलरी. आजचा सुमारे १३,२६५. चूक शेकडा दीड. त्या काळच्या साधनांनी हे काम कौतुकाचेच आहे.

पण वजाबाकीत दीड टक्का म्हणजे काय होते ते धर्मकाट्यावर काम केलेल्याला विचारा. भरला ट्रक तोलून दहा टन कापूस काढायचा असेल तर काटा दहा-वीस किलो इकडे-तिकडे झाला तरी कोणी भांडत नाही. त्याच काट्यावर ट्रक एकदा कोंबडीसकट आणि एकदा कोंबडीवाचून तोलून कोंबडीचे वजन काढायला गेलात तर उत्तर काहीही येईल. एखादे वेळी कोंबडीचे वजन उणेसुद्धा निघेल. दोन मोठ्या आकड्यांत लहानसा फरक शोधायचा तर दोन्ही आकडे फार चोख लागतात. ज्वलनोष्णतेच्या पद्धतीचे सगळे सामर्थ्य आणि सगळी गोम इथे आहे.

चोख काटा केला मार्सलां बर्तलो याने. १८८१मध्ये त्याने जाड पोलादी भांड्यात दाबाखालचा ऑक्सिजन भरून त्यात पदार्थ क्षणात पुरता जाळण्याची रीत काढली. हाच ‘बाँब कॅलरीमापी’. बाँब पाण्यात बुडवायचा, विजेच्या तारेने आत ठिणगी द्यायची आणि पाण्याचे तापमान किती चढले ते पाहायचे. कोळशाच्या प्रतीपासून बिस्किटाच्या पुड्यावरच्या कॅलरीपर्यंत आजही मोजमापाचे मूळ तेच आहे. काटा खरा की खोटा हे पाहायला जसे सरकारी शिक्क्याचे वजन लागते तसे या बाँबला बेन्झोइक आम्ल लागते : एक ग्रॅम जाळले की सुमारे २६.४ किलोज्यूल आलेच पाहिजेत. हा बर्तलो पुढे काही महिने फ्रान्सचा परराष्ट्रमंत्रीही झाला. आधी आपला काटा घेऊन टाकीत उतरू, मग त्याच्याकडे परत येऊ.

शेणात ग्लुकोज फारसे नसते, सेल्युलोज असते. पण सेल्युलोज ही ग्लुकोजचीच साखळी, म्हणून हिशेबाला ग्लुकोज चालते. एक मोल ग्लुकोज, म्हणजे १८० ग्रॅम, पुरते जळाले की २,८०३ किलोज्यूल. टाकीत हवा नसते. तिथे त्या एका मोलाचे तीन मोल मिथेन आणि तीन मोल कार्बन डायऑक्साइड होतात. मिथेनचा एक मोल जळून ८९०.४ देतो, तीन मोल २,६७१. कार्बन डायऑक्साइड जळत नाही, त्याचे शून्य. वजाबाकी १३२.

एवढेच. २,८०३ मधले १३२, म्हणजे शंभरात पाचसुद्धा नाहीत. युद्धकाळातली कोळशाची भट्टी शंभरातले २८ स्वतः खाई. गोबरगॅसची टाकी पचलेल्या मालातले ९५ हून जास्त जसेच्या तसे शेगडीकडे पाठवते. (पचलेल्या मालातले, हे विसरू नये, शेणातला काडीकचरा पुष्कळसा न पचताच बाहेर येतो.) टाकी थंड असणे हा तिचा बिघाड नव्हे. ती इतकी काटकसरी आहे म्हणूनच थंड आहे. उकंड्यात हवा खेळते, तिथे तेच सेल्युलोज शेवटपर्यंत जळते, फक्त ज्योतीवाचून. तिथे पचलेल्या दर मोलाला २,८०३ पडतात, टाकीच्या एकवीस पट. म्हणून त्यात हात भाजतो, आणि म्हणूनच ओल्या कडब्याची गंजी कधी कधी आतून आपोआप पेट घेते.

आता हिवाळा. ठोकळ हिशेब असा की २५ किलो ओल्या शेणात तेवढेच पाणी कालवले तर एक घनमीटर गॅस निघतो आणि त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो. तेवढा मिथेन होताना वरच्या हिशेबाने हजार-अकराशे किलोज्यूल उष्णता पडते. ५० किलो काल्याला ती सगळीच्या सगळी मिळाली, एक कणही बाहेर गेला नाही, तरी काला पाच अंश चढेल. जिवाणूंना सुखाचे तापमान पस्तिशीच्या आसपास. पंधराच्या खाली ते जवळपास हातपाय गाळतात. पौषाच्या रात्री बाराला उतरलेले शेण आणि विहिरीचे पाणी टाकीत घातले, आणि वर लोखंडी ड्रम उघड्या आभाळाखाली उष्णता सांडतो आहे, तर पाच अंशांची ती शिदोरी कुठवर पुरणार? शेण पातळ नव्हते आणि घट्टही नव्हते. बाबांनी काही चुकवले नव्हते. टाकीला स्वतःचा ताप नसतो, हे माय म्हणाली तेच खरे होते, आणि तिला ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही ती वजाबाकी येत नव्हती. त्यात मीही आलो.

हिशेब इथे थांबला असता तरी मला पुरले असते. पण हिशेबनिसाला एकूण शिल्लक पाहून समाधान होत नाही, तो खाती उघडतो. टाकीतली अभिक्रिया एका दमात होत नाही. आधी एका जातीचे जिवाणू ग्लुकोज आणि पाणी यांपासून अॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात. अॅसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आंबट. मग मिथेन करणारे सूक्ष्मजीव काही मिथेन त्या आम्लापासून करतात, काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून. एका ग्लुकोजमागे आम्लाचे दोन मोल, हायड्रोजनचे चार. अॅसिटिक आम्लाची ज्वलनोष्णता ८७४.४, हायड्रोजनची २८५.८.

पहिले खाते उघडले तेव्हा मला वाटले बेरीज चुकली. दोन मोल आम्ल आणि चार मोल हायड्रोजन मिळून २,८९२ होतात, मूळ ग्लुकोजच्या २,८०३ पेक्षा जास्त. म्हणजे ८९ची तूट! दुसरे खाते : आम्लाचे मिथेन होताना ८७४.४ चे ८९०.४ होतात, मोलामागे १६ची तूट, दोहोंची ३२. तिसरे खाते, हायड्रोजनचे : चार मोलांचे १,१४३ आणि त्यापासून होणाऱ्या एका मिथेनचे ८९०, शिल्लक २५३. आता २५३ मधून ८९ आणि ३२ वजा करा. १३२. पै न् पै जुळते. (हे आकडे शुद्ध पदार्थांचे आहेत. पाण्यात विरघळल्यावर ते थोडे हलतात, तरी चित्र तेच राहते.) टाकीतले तीनपैकी दोन धंदे तुटीत चालतात आणि घर एकट्या हायड्रोजनच्या खात्यावर चालते.

इथे कोंबडीची गोष्ट आठवावी. मोलामागे १६ ही तूट ८९० मधली दोन टक्क्यांहून कमी. फाव्र आणि झिल्बरमान यांचा मिथेनचा जुना आकडा घेऊन, आम्लाचा आजचाच ठेवून वजाबाकी केली तर तूट १६ ऐवजी जेमतेम अडीच उरते. काटा आणखी थोडा हलला असता तर तूट शिल्लक दिसली असती. बर्तलोच्या बाँबवाचून हे खाते नीट लागलेच नसते.

आणि नेमके हे खाते बर्तलोच्या स्वतःच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते. त्याचा १८७९मधला ग्रंथ एका तत्त्वावर उभा होता : बाहेरची शक्ती कामाला लावली नाही तर पदार्थांमधला बदल जास्तीत जास्त उष्णता बाहेर पडेल त्या दिशेने होतो. डेन्मार्कच्या ज्यूलियस थॉमसेनने असेच काही १८५४ मध्येच म्हटले होते आणि त्या दोघांत ‘आधी कोण’ यावर कडाक्याचे भांडण झाले. दोघांनी आयुष्यभर हजारो मोजमापे केली ती बहुतांशी याच तत्त्वाच्या भरवशावर. तत्त्व चुकीचे निघाले, मोजमापे राहिली. पदार्थाला उष्णता टाकण्याची ओढ असते तशी वायू होऊन पसरण्याचीही असते, आणि दोन्हींची गोळाबेरीज पाहिल्यावाचून अभिक्रियेची दिशा कळत नाही. हे गिब्ज आणि हेल्महोल्ट्झ यांनी बर्तलोच्या डोळ्यांदेखत दाखवून दिले. अॅसिटिक आम्लाचा द्रव फुटून दोन वायू होतात, म्हणून उष्णता तुटीत असतानाही ती अभिक्रिया चालते. टाकीतला निम्म्याहून जास्त मिथेन साधारणपणे या वाटेने येतो. उष्णतेच्या वजाबाकीवरून ‘किती’ कळते, ‘होईल की नाही’ हे कळत नाही, हा धडा युरोपातल्या मोठ्या डोक्यांना वीस-तीस वर्षांनी पटला. दलदलीतले जिवाणू तो कधीपासून गिरवत होते.

बर्तलो १९०७ मध्ये वारला. तो हयात असतानाच मुंबईत अशा वायूचे दिवे लागले होते. माटुंग्याच्या निराधार कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या बंद टाकीतला वायू गोळा करून त्यावर आधी दिवे आणि नंतर इंजिन चालवले गेले. साल १८९७ सांगतात, आणि मुंबईच्या ड्रेनेजचे अभियंते कारकीट जेम्स यांच्या लेखनात या कामाची माहिती आहे. देशोदेशीच्या बायोगॅसच्या पुस्तकांत मात्र ‘१८५९, मुंबईची कुष्ठरोग वसाहत’ अशी नोंद एकमेकांवरून उतरवलेली दिसते. ती माटुंग्याला लागू पडूच शकत नाही, कारण माटुंग्याचा आश्रम उघडला १८९० मध्ये. जगातल्या पहिल्या टाकीचा मान मुंबईला मिळतो म्हणून आपण हे साल सोडत नसू तर ते बरे नव्हे. हा आश्रम ज्यांच्या प्रयत्नाने झाला ते महापालिकेचे आयुक्त हॅरी अॅकवर्थ मराठी वाचकाला वेगळ्याच कारणाने ठाऊक असतात. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापणारे अॅकवर्थ ते हेच. पोवाडे आणि गोबरगॅस यांचा एका माणसाशी संबंध यावा, हे मला अजून गमतीचे वाटते.

पुढचा धागा दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ पासून केलेल्या प्रयोगांचा. मग जशभाई पटेल यांची १९५०च्या दशकातली ‘ग्रामलक्ष्मी’ टाकी आणि १९६०च्या दशकात मुंबईच्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेलेला तरंगत्या ड्रमचा नमुना. आमच्या वाड्यातली टाकी त्याच घराण्यातली. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात मैला, खत आणि गॅस यांची सांगड घातली. देहूला डॉ. एस. व्ही. मापुस्कर यांनी संडासाला जोडलेल्या गॅसटाक्यांसाठी आयुष्य वेचले आणि अप्पासाहेबांच्या नावाने संस्था उभी केली. मोठी माणसे. पण नकाशा समोर धरला की एक गोष्ट खुपते. मुंबई आणि कणकवली ही जवळपास हिवाळा नसलेली ठिकाणे. माटुंग्याच्या टाकीला पौष कधी भेटलाच नाही. थंडीत गॅस कमी येतो हे पुढे पुस्तिकांत छापून आले, टाकी झाका असाही सल्ला आला. पण का झाकायची हे टाकी बसवणाऱ्यांच्या तोंडून आमच्यापर्यंत कधी पोहोचले नाही. कारण ठाऊक नसले की सल्ला उपचारासारखा वाटतो आणि पहिल्या अडचणीला गळून पडतो.

खुद्द वर्ध्यात या विचाराला चांगली जमीन होती. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. रॉकेलऐवजी तेलबियांच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तिथला. एकदा खर्चून संपणारा कोळसा आणि तेल, आणि दर हंगामाला परत येणारी शेतीची संपत्ती, असे दोन साठे वेगळे करून पाहायला कुमारप्पांनी शिकवले. ते हिशेबतपासनीस होते. १९७०च्या दशकात देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने स्वस्त गॅसटाक्यांवर काम केले. हे सगळे माझ्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर घडत होते, आणि आमची टाकी त्याच वर्षांत बुजत होती.

बाबा २००९ मध्ये गेले. त्यांना हा हिशेब मी दाखवू शकलो नाही. तेव्हा तो मलाच लागलेला नव्हता. माय आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्यासमोर कागदावर तिन्ही खाती मांडली. तिने फक्त शेवटचा आकडा विचारला आणि म्हणाली, “मंग उकंडाच टाकीले लावून द्याचा व्हता.”

तेच करायचे होते. हवेशीर उकंड्याची ऊब टाकीच्या भिंतीला द्यायची, वरून कुटार पसरायचे आणि शेण कालवायला रात्रीच्या गार पाण्याऐवजी दुपारी उन्हात तापलेले पाणी घ्यायचे. आमचा ड्रम केव्हाच भंगारात गेला. पण शेजारी दीनबंधू जातीची घुमटाची टाकी आहे आणि तीही पौषात मान टाकते. या कोजागरीला आम्ही दोघांनी तिच्या कडेने हातभर रुंद चर खणला. सोयाबीनचे कुटार, ओले शेण आणि संत्र्याचा पालापाचोळा असे थर त्यात भरले. चौथ्या दिवशी पहाटे चरातून वाफ निघायला लागली. टाकीच्या तोंडाशी आणि चरात असे दोन तापमापक बांधले आहेत. त्यांचे आकडे रोज सकाळी दुकानाच्या जुन्या रोजमेळीत लिहितो आहे. पौषाला अजून दोन महिने आहेत.